आठ दिवसांत परत

काउंटरवर शब्दकोश धप्पकन आदळला, तेव्हा तो मामांच्या पुस्तकांच्या दुकानात धूळ झटकत होता.

"भावाने इथूनच घेतलाय. एक शब्द बघावा, तर अर्थातलेच तीन अडतात. नुसतं आगीतून फुफाट्यात!"

समोर एक तरुणी — हॉस्पिटलचा पांढरा गणवेश, घड्याळाकडे धावणारे डोळे... तिला दूरच्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात नर्सची जागा हवी होती. मुलाखत इंग्रजीत, तीन आठवड्यांवर.

त्याने भिंतीवरची पाटी दाखवली — 'पसंत नसल्यास आठ दिवसांत परत. पानांवर खूण नसावी.'

तिने बदल्यात हट्टाने खिशात मावणारा कोश नेला. आठव्या दिवशी हजर!

"मुंगीएवढी अक्षरं. सोबत भिंग देता?"

"भिंग नाही. मी येऊन वाचून दाखवतो."

"वॉर्डात? पेशंट उठून पळतील," ती म्हणाली, पण हसू लपलं नाही.

मग त्याने वरच्या फळीवरचा जाडजूड कोश काढला. "पाठ असलेलाच शब्द बघा. त्यातही काही नवं कळलं, तरच घ्या."

तिने दुखण्याचा इंग्रजी शब्द काढला. सोप्या भाषेत अर्थ आणि खाली वाक्यं — ठणकतंय, कळ येतेय, आता जरा बरंय...

"अहो, पेशंट असंच तर बोलतात!"

ती गेल्यावर मामा चष्म्यावरून बघत म्हणाले, "गाढवा, बरोबर कोश दिलास. आता ती परत येईल कशाला?"

तेच त्याला खात होतं. आठ दिवस त्याचा पाय दुकानात ठरेना. एकच फळी तीनदा लावली. दार वाजलं की मान वर... कोश तिला आवडावा आणि आवडू नये — दोन्ही एकदमच वाटे.

आठव्या दिवशी दुपारी ती आली. हातात तोच कोश.

"नाही पसंत?" त्याने विचारलं. नियमाप्रमाणे त्याने पानं चाळली. पानोपानी पेन्सिल! रेघा, बाण, समासात बारीक टिपणं.

"हा... परत घेता येणार नाही."

"माहीत आहे."

"मग आणलात कशाला?"

ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली. "आठवा दिवस होता ना... पाय इकडेच वळले."

तो घाईघाईने म्हणाला, "मुलाखत आता जवळ आली. नोकरी लागली, तर तुम्ही जाल."

"जाईन. मेहनत घेतलीय." तिने वर पाहिलं. "तिथली सुट्टी रविवारी असते. मी आठव्या दिवशी येत होते — आता तुम्ही यायचं. याल?"

"नोकरी नाही लागली तर?"

"तर प्रवास वाचेल तुमचा!"

त्याने पिशवीत खोचलेली तिची पेन्सिल घेतली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर महिन्याचे सगळे रविवार गोल केले.

मागून मामा खाकरले. "खूण केलीस? बघ हं... आता परत घेणार नाही!"