आधी अभिराज

बेंगळुरूत, जे. पी. नगरच्या दवाखान्यात आम्ही पहिल्यांदा भेटलो, तेव्हा दोघांच्याही नाकात नळी होती. पोटातलं आम्ल किती वर चढतं, ते मोजणारी; गालावर चिकटपट्टीनं बसवलेली. अशा अवतारात कुणी आपल्याकडे बघू नये असं वाटत होतं... आणि तो बघत होता.

"स्वल्प हसा की," तो म्हणाला. "हसल्यानं नळी निघत नाही. मी हसून बघितलंय."

तो अभिराज. जन्मापासून राजाजीनगरचा, घरात मराठी, पण 'थोडं'ला कन्नड 'स्वल्प' म्हणणारा. मी देवश्री, नागपूरहून नोकरीसाठी मारतहळ्ळीत आलेली. वर्षानुवर्षं गोळ्या घेऊनही छातीतली जळजळ दोघांना झोपू देत नव्हती. तपासण्यांच्या निमित्तानं भेटत गेलो, मग निमित्ताशिवायही... इडली खात, चटणी बाजूला सारत.

डॉक्टरांनी दोघांनाही सांगितलं, पोट न कापता तोंडातून दुर्बीण घालता येईल. जठराच्या वरच्या भागाची घडी घालून ती आतूनच टाचायची, म्हणजे सैल पडलेली झडप घट्ट होते. फक्त पूर्ण भूल लागेल.

भूल म्हटलं की माझे हात गार पडायचे. माझे बाबा भुलीतून जागे झालेच नव्हते. हे मी बेंगळुरूत फक्त त्याला सांगितलं होतं.

"मग आधी मी करून घेतो," तो म्हणाला. "तू बघ... नंतर ठरव."

ठरलेल्या दिवशी त्याला आत नेलं. मी त्याच्या आईशेजारी बसले. बऱ्याच वेळानं नर्स सांगून गेली, आत थोडा रक्तस्राव होतोय, थांबवतायत, वेळ लागेल. आईंनी माझा हात घट्ट धरला. तो बंद दरवाजा, ती वाट बघणं, सगळं बाबांच्या वेळेसारखंच. पण आज बाबा आठवत नव्हते. फक्त दरवाजा उघडावा... त्यानं डोळे उघडावेत...

त्यानं उघडले. घसा पार बसलेला.

"घाबरलीस?"

"खूप." मी खुर्ची त्याच्या जवळ ओढली. "तुझ्या आईनं विचारलं, तू याची कोण. मला... सांगता आलं नाही."

त्यानं बोटांनी माझं मनगट शोधलं. "सांग," तो जेमतेम ऐकू येईल असं म्हणाला, "लग्न करणार आहे याच्याशी."

तेवढ्यात डॉक्टर आले. माझे हात अजून गारच होते. तरी मी त्यांना विचारलं, माझी तारीख कधीची मिळेल.