निवळीचा थेंब

कृष्णाकाठ संघ त्या रविवारी तीन लोण अंगावर घेऊन हरला, आणि सांगलीच्या मैदानातून बाहेर पडणारे प्रेक्षक लग्नाच्या पंगतीतून उठल्यासारखे गप्पा मारत निघाले. कुणी खुर्ची मोडली नाही. कुणी कर्णधाराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला नाही. उत्तर दरवाज्याशी पांढऱ्या पडद्यामागे रांग लागली होती आणि एक परिचारिका प्रत्येकाच्या जिभेखाली एकेक थेंब सोडत होती. तो थेंब घेतला की उद्या सकाळी हा पराभव गुणतक्त्यातल्या आकड्याएवढाच उरणार होता.

हे असं का झालं ते आधी सांगायला हवं. कबड्डीच्या महालीगमध्ये ‘उलटी निवड’ नावाचा नियम होता. जो संघ तळाला, त्याला पुढच्या हंगामातल्या नव्या पोरांमधून सगळ्यांत आधी निवड करायचा मान. नियम केला होता दुबळ्याला हात द्यायला, पण माणसाची जात बेरकी. अधल्यामधल्या जागेवर रखडत राहण्यापेक्षा पाच-सहा वर्षं ठरवून तळ गाठावा, दरवर्षी चांगलीतली चांगली पोरं उचलावीत, आणि ती पोरं तयार झाली की चषक न्यावा, असा बेत संघांनी आखला. याला ‘बांधणी’ म्हणत. बांधणीत अडचण एकच होती. इतकी वर्षं मार खाणारा संघ बघायला येणार कोण? ती अडचण निवळीने सोडवली.

गढूळ पाण्यात निवळीची बी उगाळून टाकली की गाळ खाली बसतो. हा थेंब मनातला गाळ बसवतो म्हणून लोकांनीच त्याला ते नाव दिलं होतं. बाटलीवरचं शास्त्रीय नाव लांबलचक होतं, ते कुणाच्या तोंडी बसलं नाही.

भूपालअण्णा चौगुले थेंब घेऊन बाहेर आले आणि समोरच्या कट्ट्यावर मुबारकभाई शिकलगारांच्या शेजारी टेकले. अण्णा वीज मंडळातले निवृत्त वायरमन, मुबारकभाईंचं बॅटऱ्यांचं दुकान. हरल्यावर सरळ घरी जायचं नाही, कट्ट्यावर बसून भडंग खात सामन्याची चिरफाड करायची, ही इथली निवळीच्याही आधीची रीत. थेंबाबरोबरची सूचनाही नेमकी तीच होती, की घेतल्यानंतर तासभर सामना आठवत राहावा. सांगलीकरांना ते वेगळं शिकवावं लागलं नाही.

“अजून एक हंगाम,” अण्णा म्हणाले. “डावा कोपरा बघितलास का? आत्ता कुठं मिसरूड फुटलेलं पोरगं हाय. पुढच्या साली कुणाला हलू देत नाही बघ.”

“हे तू गेल्या साली पण म्हणालास.”

“म्हणालो असंल. मला कुठं आठवतंय.”

“तेच तर,” मुबारकभाई म्हणाले. त्यांनी निवळीला पहिल्या दिवसापासून हात लावला नव्हता. प्रत्येक पराभव त्यांनी उघड्या डोळ्यांनी सोसला होता आणि दरवेळी दोन दिवस त्यांना जेवण गेलं नव्हतं.

“पी हळद नि हो गोरी, असं होत नसतंय मुबारक. झाड लावलं की थांबावं लागतंय.”

“थांबायला माझी ना नाही. पण तू थांबतोयस कुठं? तू डोळं मिटून बसलायस. उद्या जिंकलो तर रोजा न धरता इफ्तारीला बसल्यागत होणार तुझं.”

अण्णा हसले. मग बोलणं नेहमीसारखं घरावर आलं. अण्णांची बायको पद्मल दोन वर्षं अंथरुणाला खिळून गेल्या वर्षी वारली होती. तिच्या आजारपणात अण्णांनी याच कट्ट्यावर मन मोकळं केलं होतं. ती गेल्यावर तर सामन्यावर दोन वाक्यं व्हायची आणि तासभर पद्मल. लग्नातला गोंधळ, जतला बदली झाली तेव्हाची पत्र्याची खोली, तिच्या हातची उकडशेंगोळी, सगळं सगळं. सांगितलं की अण्णांना हलकं वाटे.

“वहिनी विंचवाला घाबरली नव्हती ते सांग की,” मुबारकभाई म्हणाले. “जतच्या खोलीतल्या.”

“कसला विंचू?” अण्णांनी विचारलं.

मुबारकभाईंना वाटलं, थट्टा करतोय. ती गोष्ट त्यांनी अण्णांच्याच तोंडून तीनदा ऐकली होती.

पुढच्या आठवड्यात पुण्याहून सन्मती आली. अण्णांची एकुलती एक लेक. तिने मनासारखं लग्न केलं, घरच्यांच्या मनाविरुद्ध, आणि पद्मलने तिच्याशी बोलणं टाकलं. आईचं फार झालंय असा फोन अण्णांनी केला होता, तेव्हा सुट्टी मिळत नाही म्हणून तिने सांगितलं. सुट्टी मिळत होती. आईनेच तोंडाने बोलवावं असा तिचा हट्ट होता. ती निघाली तोवर पद्मल गेली होती.

“अण्णा,” तिने चहाचा कप पुढे ठेवत विचारलं, “शेवटी शेवटी आई माझ्याबद्दल काही बोलली का? वाईट असलं तरी सांगा.”

अण्णांनी आठवून पाहिलं. पद्मल आजारी होती हे त्यांना माहीत होतं. औषधांची पाकिटं कपाटात होती. पण तिचा आजारी चेहरा काही केल्या डोळ्यांपुढे येईना. मग ते मागे गेले, निरोगी पद्मलकडे, तर तिथेही भिंतीवरच्या फोटोतला एकच चेहरा होता, हलत नव्हता की बोलत नव्हता. चाळीस वर्षांचा संसार त्यांना पाठ होता, आठवत मात्र नव्हता. चहा तसाच ठेवून अण्णा मैदानाकडे निघाले.

मैदानाच्या पहिल्या मजल्यावर डॉ. केतकी सामंत बसत. निवळी मूळची त्यांची. अण्णांचं सगळं ऐकता ऐकता त्यांनी पेन खाली ठेवलं.

“चौगुलेकाका, आठवण म्हणजे आपल्याला वाटतं दगडावर कोरलेलं अक्षर. तसं नसतं ते. तुमच्याकडे गूळ करतात ना? आठवण ही गुळाची ढेप समजा. ती काढली, म्हणजे मनात आणली, की पुन्हा चुलीवरच्या काहिलीत जाते, पातळ होते. काही तासांनी परत साच्यात बसून घट्ट होते. घट्ट व्हायला मेंदूतल्या पेशींना दरवेळी नवी प्रथिनं बनवावी लागतात. निवळी ती प्रथिनं बनू देत नाही.”

“मग गूळ?”

“वाहून जातो. अपघातातून वाचलेल्या माणसांसाठी केलं होतं मी हे. झोपेत किंचाळून उठायची माणसं. बंद खोलीत, समोर डॉक्टर, आणि फक्त त्या अपघाताचंच बोलायचं, दुसरा शब्द काढायचा नाही. इथे आम्ही लिहिलं, सामना आठवा. वाटलं, लोक सामनाच आठवतील.” त्यांनी पेन पुन्हा हातात घेतलं. “थेंब घेतल्यावर कट्ट्यावर तुम्ही काय बोलता, काका?”

“सामन्याचं. मग आपलं घरचं.”

“घरचं म्हणजे?”

“पद्मलचं,” अण्णा म्हणाले, आणि बोलता बोलताच त्यांना कळलं.

ज्या ज्या आठवणीने जीव कळवळला ती ती त्यांनी कट्ट्यावर नेली होती, आणि जिभेखाली थेंब धरून मुबारकपुढे मांडली होती. पराभव विसरायच्या नादात बायको धुऊन काढली. ज्याने तिच्यावर माया कमी केली असती त्याचं इतकं गेलं नसतं.

“मी थेंब घ्यायचा बंद करतो,” ते म्हणाले.

“कराच. पण याआधी तो कुणालाच सलग इतकी वर्षं दिला नव्हता, काका. तुमच्यासारख्यांच्या मेंदूत तो साठून राहिलाय. कधी निचरा होईल सांगता येत नाही, कदाचित होणारही नाही. तोवर जीव लावून जी जुनी आठवण पुरती काढाल, ती परत बसणार नाही. या महिन्यात माझ्याकडे आलेले तुम्ही चौथे.”

अण्णा उठले, परत बसले. मग हळूच म्हणाले, “एक हाय शिल्लक, काल झोपंत नुसतं दिसून गेलं. ती जायच्या आधीचं. मुबारकला कधी सांगितलं नाही, लाज वाटली. त्या दिवशी संध्याकाळी—”

डॉ. सामंतांनी हात वर केला. “सांगू नका. दारातून डोकावलात तेवढं पुरे. आत जाऊन बसू नका.”

त्यानंतर अण्णा त्या दाराच्या बाहेरच राहिले. पद्मलचं नाव मनात आलं की ते मोठ्याने पाढे म्हणत, नाहीतर खांबावरच्या जोडणीचा क्रम घोकत. फोटो त्यांनी कपड्यांखाली ठेवला. विधुर माणूस बायकोची आठवण येऊ नये म्हणून धडपडतो हे पाहून शेजाऱ्यापाजाऱ्यांनी काय अर्थ काढला असेल तो असो. मुबारकभाई दुकान लवकर बंद करून येत आणि विंचवाची, शेंगोळ्यांची, लग्नातल्या गोंधळाची गोष्ट सांगत. अण्णा लक्ष देऊन ऐकत. परक्याच्या घरातलं लग्न ऐकावं तसं ते ऐकणं होतं, पण ते मुबारकभाईंना त्यांनी कळू दिलं नाही.

पुढच्या हंगामात पोरं पिकली. डाव्या कोपऱ्यातलं ते पोरगं खरोखरच कुणाला हलू देईना, आणि कृष्णाकाठ संघाने दुपारच्या अंतिम सामन्यात शेवटच्या चढाईवर चषक जिंकला. मुबारकभाई खुर्चीवर कोसळले आणि लहान मुलासारखे रडले. आजूबाजूला असे मोजकेच रडत होते, बाकीचे मैदानभर टाळ्या वाजवत होते. नाटकाचा प्रयोग चांगला झाला की वाजवतात तशा. अण्णाही वाजवत होते.

“जिंकलो की रं भूपाल,” मुबारकभाई त्यांना हलवत म्हणाले.

“होय. चांगलं खेळली पोरं.”

“एवढंच?”

अण्णांनी स्वतःच्या आत चाचपून पाहिलं. तिथे या विजयाखाली ठेवायला एकही पराभव नव्हता. “एवढंच,” ते म्हणाले. “सगळं हरणं तूच हरलास मुबारक. जिंकलास पण तूच.”

सामन्याला सन्मतीही आली होती. घरी परतल्यावर बाहेर फटाके वाजत होते. अण्णांनी खिडकी लावून घेतली आणि तिला समोर बसवलं.

“तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ असावं,” ते म्हणाले.

डॉक्टरांनी काय सांगितलंय ते तिला माहीत होतं. “नको अण्णा. मी न कळता राहीन. ते तुमचं शेवटचं आहे.”

“जपून ठेवलेलं कुणाच्या कामाचं? मी उघडायचं नाही, तुला दिसायचं नाही. मी मेलो की तसंच जळून जाणार. आज मैदानावर बघितलं मी, दुखू नये म्हणून राखलेलं मन किती रिकामं असतंय ते. ऐक आता, मध्ये बोलू नको.”

त्यांनी डोळे मिटले आणि आत गेले.

“तिच्या केसांच्या जटा झाल्या होत्या. म्हणाली, वेणी घाला. मी म्हणलं, मला कुठं येतीय? तर म्हणाली, तारा पिळता की जन्मभर, तशीच पिळा. मग तेल लावलं, आणि घातली. तीन तारांचा पीळ. वर गाठ मारली खांबावरची. हाताला लागली तिच्या, तशी हसली. किती दिवसांनी हसली गं. म्हणाली, सन्मतीला सांगू नका, चिडवंल. मग म्हणाली, तिला बोलवा. मीच लावून धरलं उगीच, पोरीचं काय चुकलं? आली की हीच वेणी दाखवते तिला. सोडू नका म्हणाली, ती येस्तोवर.”

सन्मतीने पदर तोंडाशी धरला होता. अण्णांचे डोळे अजून मिटलेले होते आणि चेहऱ्यावर असं काही उमटलं होतं, जे तिने वर्षभरात पाहिलं नव्हतं. ते बराच वेळ तसेच बसून राहिले. तिने त्यांना उठवलं नाही.

सकाळी अण्णा ताजेतवाने उठले. त्यांना गाढ झोप लागली होती. सन्मतीने चहा दिला आणि त्यांच्याजवळ बसून, एक शब्द इकडचा तिकडे न करता, त्यांची गोष्ट त्यांनाच परत सांगितली. तेल, तीन तारांचा पीळ, खांबावरची गाठ. गाठीपाशी अण्णा खळखळून हसले.

“हुशार बाई होती म्हणायची तुझी आई,” ते म्हणाले.

“मग ती म्हणाली, सन्मतीला बोलवा. मीच लावून धरलं उगीच.” तिने डोळे पुसले. “ती येईपर्यंत वेणी सोडू नका म्हणाली.”

अण्णा कप हातात धरून ऐकत होते. गोष्ट त्यांना आवडली होती. ते थोडे पुढे झुकले.

“मग?” त्यांनी विचारलं. “आलीस का तू?”