सी-सॉचं रिकामं टोक

हसायचं तर खुशाल हसा. हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय आणि मी त्यात एक शब्दही पदरचा घालणार नाही. पदरचं घालून सांगायची हौस माझी कायमची फिटली आहे.

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. रविवारची संध्याकाळ, आमच्या कॉलनीची बाग.

त्या बागेवरून कॉलनीत बरेच दिवस जुंपली होती. कोपऱ्यात मुलांसाठी खेळणी बसवायची की नाही? ज्येष्ठ मंडळी म्हणायची, मुलांचा गोंगाट नको. मीटिंगमध्ये मात्र तीच इतकी ओरडायची की त्यापेक्षा मुलं परवडली.

सगळं अडलं होतं एका बाकावर. आमच्या शेजारचे कंपाउंडरकाका आणि काकू रोज तिथे बसायचे. काकांचा शब्द कुणी मोडत नसे. अर्ध्या कॉलनीला त्यांनी इंजेक्शनं दिली होती.

शेवटची मीटिंग ठरली तेव्हा काका हॉस्पिटलमध्ये होते. मी डबा घेऊन गेले होते. खोलीत आम्ही दोघंच.

"मीटिंगमध्ये माझा निरोप सांग," काका म्हणाले. "खेळणी कुठेही बसवा, पण तो बाक तेवढा ठेवा. माझ्यामागे ही कुठे बसेल?"

पण जागा तेवढी एकच होती. बाक राहिला असता तर खेळणी आली नसती. आणि माझी मुलगी दिवसभर दोन खोल्यांत कोंडलेली...

मी मीटिंगमध्ये उभी राहिले. म्हणाले, "काकांनी सांगितलंय, बाक काढा. मुलांना खेळू द्या."

मग टाळ्या वाजल्या.

त्याच आठवड्यात काका गेले.

बाक निघाला, खेळणी आली. आता तिथे काकांच्या नावाची पाटी आहे. काकू रोज यायच्या. बसायला जागा नव्हती, म्हणून कठड्याला धरून उभ्या राहायच्या आणि मला विचारायच्या, "नक्की काय म्हणाले गं हे?"

मी सांगायचे. रोज थोडं अजून गोड करून सांगायचे. त्यांचा चेहरा खुलायचा आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

तर तो रविवार...

थंडीमुळे बागेत आम्ही तिघीच होतो. मुलगी सी-सॉच्या एका टोकावर बसली होती. समोर कुणी नव्हतं. मी काकूंशी बोलत होते.

फळी करकरली.

मी वळून पाहिलं...

मुलगी वर होती. समोरचं रिकामं टोक जमिनीला टेकलं होतं.

धावत जाऊन मी तिच्या बाजूची फळी खाली दाबली. सगळा जोर लावला.

हलेना.

वारा नव्हता. शेजारचे झोपाळेही स्थिर होते. रिकाम्या टोकाकडून मात्र आवाज येत होता... धाप लागलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या श्वासाचा.

मुलगी घाबरली नव्हती. समोर बघत ती हळूच म्हणाली, "माझ्यामागे ही कुठे बसेल?"

हे शब्द मी कुणालाच सांगितले नव्हते. नवऱ्यालाही नाही.

"काय म्हणाली गं ती?" काकूंनी कठड्याजवळून विचारलं.

तेव्हा तरी मी खरं बोलायला हवं होतं. माझं लेकरू अधांतरी होतं. पण काकूंचा चेहरा दिसला...

"काही नाही काकू. खेळतेय."

मुलीला ओढून कडेवर घेतलं आणि घर गाठलं.

दुसऱ्या दिवशी मी कमिटीकडे बाक मागितला. जागा नाही म्हणाले. म्हणून मी घरची खुर्ची न्यायला लागले. पहिल्याच दिवशी काकू तिच्यावर बसल्या आणि त्यांनी माझा हात धरला.

"माझ्याकडे लक्ष ठेव म्हणून ह्यांनीच सांगितलं असेल ना तुला?"

मी मान हलवली.

मुलगी खुर्चीच्या मागे बघत होती. तिथे कुणी नव्हतं... मग ती माझ्या कानाशी आली.

"आई, आजोबा विचारतायत. खरं कधी सांगणार?"

सांगितलं तर काकूंकडून मी काकांचे म्हणून त्या जपतात ते शेवटचे शब्दही हिरावून घेईन. आणि नाही सांगितलं तर... मुलगी हल्ली घरातही मध्येच थांबते. दाराकडे बघून कुणाला तरी म्हणते, "थांबा ना, सांगेल ती."

आता संध्याकाळ होत आली आहे. खुर्ची दाराशी काढून ठेवली आहे. काकू वाट बघत असतील.