हट्टी माणसाचं शिफारसपत्र

भाषांतराच्या त्या कचेरीची खिडकी एक वाजता बंद व्हायची म्हणजे व्हायचीच. त्या दिवशी एक वाजून दोन मिनिटांनी काचेवर टकटक झाली आणि डबा उघडून बसलेल्या अनुवादिकेनं मान वर केली. खरं तर तिनं बघायलाच नको होतं. पण काचेपलीकडचा माणूस पावसात चिंब झाला होता, आणि लिफाफा मात्र त्यानं शर्टाच्या आत अगदी कोरडा ठेवला होता. कागदाला इतकं जपणारी माणसं तिला आवडायची.

“जेवणाची सुट्टी आहे,” ती म्हणाली.

“माहितीये. पाटी चांगली हातभर आहे तुमची. एवढंच सांगा… हे भाषांतर कुणी केलंय?”

तिनं कागद पाहिला. भाषांतर तिचंच होतं.

तो बुकबाइंडर होता. जीर्ण पुस्तकं उसवायची आणि पुन्हा शिवायची, हे त्याचं काम. परदेशातल्या एका ग्रंथालयात जुने ग्रंथ दुरुस्त करायचं दोन वर्षांचं शिक्षण होतं, त्यासाठी त्यानं अर्ज केला होता. ज्यांच्या हाताखाली तो घडला त्या म्हाताऱ्या बाइंडरकाकांनी आपल्या भाषेत शिफारसपत्र लिहून दिलं होतं. त्याचं इंग्रजी आज पाच वाजेपर्यंत दोन गल्ल्या पलीकडच्या निवड कार्यालयात पोचायला हवं होतं.

“माझी बहीण शाळेत इंग्रजी शिकवते,” तो म्हणाला. “वाचता वाचता तिचा चेहराच पडला. म्हणाली, दादा, यात तू स्टबर्न आहेस आणि नोझी आहेस. म्हणजे आडमुठा आणि भोचक. असल्या माणसाला कोण घेईल?”

“पत्रात हट्टी लिहिलंय. सगळीकडे नाक खुपसतो असंही लिहिलंय.”

“तुम्हाला कसं ठाऊक?”

तिनं डब्याला झाकण लावलं. “कारण ते मीच केलंय.”

तो तिच्याकडे बघतच राहिला. “मला न बघता?”

“न बघताच करायचं असतं. ओळखीच्या माणसाचा कागद वरच्या सहीशिवाय करायचा नाही, असा नियम आहे इथला. काकांकडून दुसरं पत्र आणा, लगेच करून देते.”

“काका गेल्या महिन्यात गेले.”

ऑफिसात तिला सगळे ‘चिमटा’ म्हणत, कारण एकेक शब्द ती चिमट्यानं उचलून ठेवायची. लग्नाचं एक स्थळ तर ‘मुलगी फार फसी आहे’, म्हणजे नको तितकी चिकित्सक आहे, म्हणून परत गेलं होतं, आणि ते तिला अजून सलत होतं. आणि आज या चिमट्यानंच एका माणसाचं आयुष्य वाकडं धरलं होतं. तिनं उठून बाजूचं दार उघडलं.

“आत या. काकांनी तुम्हाला हट्टी कधी म्हटलं होतं, आठवतंय?”

“आठवतंय ना. एका शब्दकोशाचा कणा मी अकरा वेळा उसवला होता. अकराव्या वेळी म्हणाले, हट्टी आहेस लेका. आणि स्वतःची सुई काढून दिली. त्या सुईला ते कुणाला हात लावू देत नसत.”

“आणि नाक खुपसणं?”

“पुस्तक कुणाचं, समासात कुणी काय लिहिलंय, सगळं विचारायचो.” तो जरा थांबला. “तुम्ही रोज एकट्याच जेवता?”

“बघा. भोचक.”

“जिज्ञासू म्हणा हो… एवढं तरी.”

तिला हसू आलं आणि हसू आलं म्हणून स्वतःचाच राग आला. शब्द बदलायचा तर त्याचं कारण कागदातच सापडायला हवं, अर्जदाराच्या गोष्टी तिथं चालत नाहीत. तिनं मूळ पत्र पुन्हा वाचलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा ती शेवटच्या ओळीवर अडली: ‘असा आहे हा. याला बदलायला जाऊ नका.’

ही ओळ तिनं भाषांतरात नेटकी उतरवली होती, फक्त तिचं वजन केलं नव्हतं. खोड असती तर काकांनी मोडा म्हटलं असतं. राहू द्या कशाला म्हणतील? तिनं स्टबर्न खोडून पर्सिस्टंट, म्हणजे चिकाटीचा, असं लिहिलं आणि नोझीच्या जागी क्युरियस, जिज्ञासू. मग दुरुस्तीचा फॉर्म ओढला आणि शेवटच्या रकान्यावर पेन थांबलं. ‘अनुवादकाची या व्यक्तीशी ओळख: आहे / नाही.’

‘आहे’वर खूण केली तर सही कचेरीच्या प्रमुख मॅडमची लागणार. आणि मॅडम साडेचारपर्यंत मीटिंगमध्ये.

“‘नाही’ लिहा की,” तो घड्याळाकडे बघत म्हणाला. “तासाभराची तर ओळख. काय बिघडतंय?”

“नाही लिहिता यायचं.”

“का?”

“कारण…” तिनं मान खाली घातली. “ते खोटं होईल.”

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यानंतर त्यानं घाई करा असं एकदाही म्हटलं नाही.

मॅडम पावणेपाचला बाहेर आल्या. मॅडमनी फॉर्म वाचला, पत्र वाचलं, चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं.

“ओळख कधीपासून?”

“एक वाजून दोन मिनिटांपासून.”

“आणि शेवटच्या ओळीचा अर्थ आधी कसा सुटला?”

“चुकले, मॅडम.”

“चुकलीसच. शब्द आता बरोबर आहेत.” त्यांनी सही ठोकली. “पळा, महाशय.”

तो पळाला. पाचला तीन मिनिटं असताना कागद पोचला. सव्वापाचला तो परत खिडकीशी उभा होता, तिला घरापर्यंत सोडायला.

पुढचे तीन आठवडे तो रोज आला. तिला ‘फसी’ कोण म्हणालं होतं, हेही त्यानं खोदून काढलंच. म्हणाला, “चूक शब्द आहे. तुम्ही पर्टिक्युलर आहात, काटेकोर. आमच्या कामात त्याशिवाय टाका बसत नाही.” त्या संध्याकाळी ती घरी जाऊन आरशासमोर बराच वेळ उगाच उभी राहिली.

आणि मग निवडीचं पत्र आलं. कचेरीच्या पायऱ्यांवर त्यानं ते तिच्या हातात ठेवलं. तिला आनंद झाला आणि वाईटही वाटलं. बरोबर शब्द निवडला म्हणूनच तर तो निघाला होता.

“दोन वर्षं म्हणजे काही थोडी नाहीत,” तो म्हणाला. “मी थांब म्हणणं बरं नाही. पण…”

“मी थांबणार आहे. तू म्हण, नाहीतर नको म्हणूस.”

पहिल्यांदाच तू म्हटलं होतं तिनं. तो हसला, डोळे मात्र भरले होते.

“फार हट्टी आहेस.”

“आहेच.”

“इंग्रजीत कुठला शब्द लिहायचा मग?”

“ते तू परत आलास की ठरवू,” ती म्हणाली, आणि पत्र नीट घडी करून त्याच्या शर्टाच्या आत, कोरडं राहील असं ठेवलं.