तिसऱ्या खाचेतलं कार्ड

"मॅडम, तिसरं कार्ड न्हाय. मशीन चालू केलं, तर तीनच दिसत्यात."

फोनवर त्यांची संशोधक विद्यार्थिनी पायल होती. दसऱ्यानंतरची पहिली सकाळ. कॉलेजच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख सिद्धेश्वरी हत्तुरे यांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला.

त्या पोहोचेपर्यंत प्राचार्यांनी निर्णय देऊन टाकला होता. कार्ड सापडेपर्यंत प्रयोगशाळेत पायलचं काम बंद.

प्रयोगशाळेतल्या त्या मशीनमध्ये अशी चार कार्डं बसवलेली होती. त्यांच्यातल्या चिपची आतली जोडणी संशोधकाला हवी तशी बदलता येई. मग साध्या संगणकाला दिवसभर लागणारं गणित ती घटकाभरात उरकत. देणाऱ्या संस्थेची अट होती, कार्डं बाहेरच्या कॉलेजांतल्या संशोधकांनाही अर्जाच्या रांगेनं मिळावीत. एक जरी हरवलं तरी ती चारही परत नेणार. क्षयाचे एक्स-रे झटपट तपासणारी पायलची रचना याच कार्डांवर उभी होती. तिच्या प्रबंधाची मुदत तोंडावर आली होती.

सिद्धेश्वरींनी मशीनचं झाकण काढलं. तिसरी खाच रिकामी होती.

"खोलीत तू एकटीच होतीस?"

"व्हय. किल्ली मल्लिनाथकाकांकडनं घेतली. मॅडम, चोरायचं असतं तर मीच फोन केला असता का?"

"शहाणा चोर करतो." सिद्धेश्वरी थकल्या आवाजात म्हणाल्या. मग तिचा चेहरा पाहून त्यांना स्वतःचाच राग आला.

गुरुराज दाराशीच उभा होता. एकेकाळचा त्यांचा विद्यार्थी, आता सहकारी. दुसरी किल्ली त्याच्याकडे असे.

"तू शेवटचं कधी पाहिलंस?"

"खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मशीन उघडून धूळ काढली, तेव्हा. खंडेनवमीलाही दुपारी डोकावलो होतो. चारही कार्डांचे हिरवे दिवे लागलेले होते. म्हणजे जे झालं ते आजच."

पायलनं मान खाली घातली.

प्रयोगशाळेचे परिचर मल्लिनाथ तेवढ्यात आले.

"खंडेनवमीची पूजा तुम्हीच केलीत ना?" सिद्धेश्वरींनी विचारलं.

"तर! सकाळीच. झेंडूचा हार वर, हळदकुंकू मागं. पुढनं लावलं तर जाळीतनं आत जातंय, मागच्या वर्षी तुमीच ओरडला होता की. म्हणून मागच्या चारी पट्ट्यांना एकेक बोट लावलं."

"मशीन चालू होतं?"

"अय्यो मॅडम! खंडेनवमीला कापडाचा माग बी थांबतोय, हे कशाला चालू ठीवू? आदल्या दिवशी साफसफाईला बंद केलेलं, ते आज पोरीनंच लावलं."

सिद्धेश्वरी वाकून मशीनच्या पाठीमागे गेल्या. गुडघा कुरकुरला. चार पट्ट्या. चारींवर वाळलेलं हळदकुंकू. तिसरीवरचं बोट स्क्रूवरून पट्टीवर सलग उतरलं होतं, कुठेही न तुटता.

त्या जमिनीवरच बसल्या.

"गुरुराज, दार लाव. कार्डाची पट्टी कार्डालाच जोडलेली असते. कार्ड निघालं की तीही जाते, आणि भोक झाकायला साधी पट्टी बसवावी लागते. तिसऱ्या खाचेला आता तीच आहे. आज बसवली असती तर कोरी असती. पण तिच्यावर कुंकू आहे, आणि स्क्रू नंतर फिरवलेला नाही. पूजेआधीच कार्ड गेलेलं होतं."

"मग... मल्लिनाथ..."

"मला घेऊ नका ह्यात," मल्लिनाथ म्हणाले.

"साफसफाईला मशीन तू उघडलंस. तेव्हा कार्ड आत होतं, हे तूच सांगतोस. पूजेच्या वेळी मात्र ते नव्हतं. आणि खंडेनवमीला तू दिवे पाहिलेस. बंद मशीनचे दिवे, गुरुराज?"



"घरी आहे," गुरुराज म्हणाला. "माझ्या संगणकात. दर वेळी माझा अर्ज मागे पडतो, मॅडम. बाहेरच्या कॉलेजांची मुलं पुढे. मला थोडेच दिवस ते रांगेशिवाय हवं होतं."

"आणि मी?" पायलचा आवाज चढला. "माझं नाव आलं तवा गप कसं बसवलं, सर?"



सिद्धेश्वरींना गुरुराजची पहिली वर्षं आठवली. तेव्हाही तो असाच हुशार आणि उतावळा होता. रागवायलाही जोर लागतो. तेवढा जोर त्यांच्यात उरला नव्हता.

"प्राचार्यांना फोन लाव. स्पीकरवर."

त्यानं लावला. घंटी वाजली. पलीकडून "बोला" आलं.

"सर, पायलनं कार्ड घेतलेलं नाही."

एवढं बोलून तो थांबला. सिद्धेश्वरी हलल्या नाहीत.

"अर्धंच झालं," त्या हळूच म्हणाल्या. "पुढचं सांग."