चंद्रावरचे हात

वृंदा टेंभेकर अंबाजोगाईत राहत्या घरी बसून चंद्रावरच्या खाणीतले दोन यंत्रबाहू चालवायची. कंपनी अवाढव्य होती, चौदा देशांत पसरलेली. पण सहा वर्षांत तिथल्या एकाही माणसाशी तिची प्रत्यक्ष भेट झाली नव्हती. बढतीची बातमीसुद्धा तिला पडद्यावरच्या दोन ओळींतून कळली. तरीही तिला ही नोकरी सोडायची नव्हती. पक्षाघात झालेल्या वडिलांना दुपारी स्वतःच्या हातानं भरवता येत होतं.

त्या दुपारी तिनं एक पोलादी तुळई उचलून धरली होती आणि तुळईखाली रियाझ मुकादम नावाचा तंत्रज्ञ काम करत होता. शेजारच्या खोलीत वडिलांना ठसका लागला. तो थांबेना. वृंदानं संवेदी हातमोजे काढून फेकले आणि धावली. घशात अडकलेला घास निघून वडिलांचा श्वास सुरळीत व्हायला नऊ मिनिटं लागली. ती परतली तेव्हा पडदा काळा होता. त्यावर एवढंच लिहिलं होतं : चौकशी, चार वाजता.

मध्ये वडिलांना थोडी पेज भरवायला उठली तेवढीच; एरवी दोन तास ती खुर्चीत बसून होती. तुळई पडली असेल, तो माणूस गेला असेल, याखेरीज तिला काही सुचत नव्हतं.

चार वाजता मुख्य अभियंता निनाद अंतरकर पडद्यावर आले. रियाझ सुखरूप असल्याचं त्यांनी आधी सांगितलं. वृंदानं डोळे मिटून घेतले.

"पण तुळई धरली कुणी?" तिनं विचारलं.

"पूर्वहस्तानं, म्हणजे बाहूंमधल्या संगणकानं. तुमच्या हाताची हालचाल चंद्रावर पोचायला सव्वा सेकंद लागतो, तिथलं चित्र इकडे यायला आणखी तेवढाच. तेवढ्यात दरड कोसळू शकते. म्हणून तुम्ही पुढे काय कराल याचा अंदाज पूर्वहस्त बांधतो आणि बाहू हलवतो. सहा वर्षं तो तुमच्याकडूनच शिकतोय."

"पण मी काहीच केलं नाही. उठून गेले."

"तुमच्या माइकवर वडिलांचा ठसका ऐकू येतो, आणि त्याच क्षणी हातमोज्यांत तुमची बोटं ताठरली. आजवर बोटं अशी ताठरली की प्रत्येक वेळी तुम्ही आधी ओझं खाली ठेवलंय, मगच उठलाय. पूर्वहस्तानं तेच केलं. माणसापासून दूर, टेकूंवर ठेवली तुळई."

अशा उठण्याबद्दल आपल्याला कधीतरी काढून टाकतील, असं वृंदाला सहा वर्षं वाटत आलं होतं. तिनं तसं बोलून दाखवलं. अंतरकर म्हणाले की चौकशी तिची नव्हतीच. घरून काम करणाऱ्या एकट्या माणसाला मदतीला बोलवायची सोय कंपनीनं का ठेवली नाही, याची होती. उद्यापासून प्रत्येक पाळीला जोडीदार मिळणार होता.

मग त्यांनी खाणीशी जोडून दिलं. इतकी वर्षं एकाच खाणीत काम करूनही वृंदानं रियाझचा आवाज ऐकला नव्हता.

"ताई," तो म्हणाला, "बाबा कसे आहेत?"

"बरे आहेत," वृंदा म्हणाली. "मघाशी जरा पेज घेतली त्यांनी."

तिचं वाक्य त्याच्यापर्यंत पोचायला सव्वा सेकंद लागला, आणि त्याचं हसू इकडे यायला आणखी तेवढाच.