तिरक्या घड्याळाचा सूड

"सूड घ्यायचा म्हणजे घ्यायचा," टाचणी म्हणाली आणि तिने जिन्याच्या कठड्यावर मूठ आपटली. चांगलंच लागलं, पण तिने ते चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

"कुणावर?" वकीलने विचारलं.

"ते अजून ठरायचंय."

"म्हणजे शिक्षा आधी आणि गुन्हेगार नंतर? हे कुठल्या कोर्टात चालतं?"

"माझ्या."

वकील हा शेजारच्या घरातला मुलगा. तो बोलायला लागला की समोरच्याला उलटतपासणी चालल्यासारखं वाटायचं, म्हणून तो वकील. त्याच्या बाजूला बसून पाव चघळत होता तो बोका. त्याच्या काकांची बेकरी होती, आणि दुकानाला उंदरांपेक्षा पुतण्याची भीती जास्त, असं काका म्हणायचे. टाचणीला टाचणी का म्हणतात, हे तिच्याशी दोन वाक्यं बोललं की कळायचं. आणि सगळ्यांत खालच्या पायरीवर गुडघ्यांत डोकं घालून बसली होती ती पिल्लू, टाचणीची धाकटी बहीण. पिल्लू एरवी झोपेतसुद्धा बडबडायची. कालपासून तिने तोंड उघडलं नव्हतं.

टाचणीचं रक्त उकळत होतं ते त्यामुळे.

सुट्टी लागली तेव्हा या चौघांइतकं सुखी कुणी नव्हतं. टाचणीची मावशी सिनेमा काढत होती आणि त्यात चौघांनाही काम होतं! मावशीच्या पाठीशी कुठली बडी कंपनी नव्हती. एक कॅमेरावाले काका, दोन हौशी नट आणि बंद पडलेली एक लाँड्री, एवढाच तिचा संसार. सिनेमातल्या लाँड्रीत काम करणाऱ्या मुलीकडे एक तरुण रोज तोच पांढरा शर्ट धुवायला आणतो, आणि ती त्याच्या प्रेमात पडते. मग एकदा शर्टाच्या खिशात तिला भलत्याच घराची किल्ली सापडते आणि गावातल्या चोऱ्यांचं रहस्य उलगडायला लागतं. शेवटी ती त्या प्रेमवीराला कॉलर धरून लाँड्रीभर फरफटवते आणि कपडे खंगाळायच्या हौदात बुचकळून काढते.

"प्रेम, मारामारी आणि रहस्य, तिन्ही एकाच सिनेमात?" टाचणीच्या बाबांनी विचारलं होतं.

"महागाई आहे. एका तिकिटात तिन्ही बघा," मावशी म्हणाली होती.

बोका डबे आणायचा. वकील बघ्यांना थोपवायचा, म्हणजे वाद घालून घालून त्यांना पळवून लावायचा. टाचणीचं काम सर्वांत अवघड. एका शॉटमध्ये बाही दुमडलेली असेल तर पुढच्या शॉटमध्येही ती तशीच हवी, नळ अर्धा उघडा होता तर अर्धाच हवा. हे सगळं डोक्यात ठेवायचं आणि चुकलं की "पुन्हा" म्हणायचं. तिने "पुन्हा" म्हटलं की मावशीही निमूट ऐकायची. पिल्लू शॉटच्या आधी कॅमेऱ्यासमोर पाटी वाजवायची, आणि संध्याकाळी कॅमेऱ्यातलं कार्ड एका डबीत घालून मावशीच्या टेबलावर ठेवायची. ती डबी ती दोन्ही हातांत धरून न्यायची, जणू आत अंडं आहे.

परवा शेवटचा प्रसंग झाला. काल सकाळी डबी उघडली तर आत कार्ड नव्हतं.

"मी ठेवलं होतं," पिल्लू म्हणाली. "खरंच ठेवलं होतं मावशी."

मावशीचा रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. महोत्सवाला सिनेमा पाठवायची वेळ जवळ आली होती आणि सिनेमाचा शेवटच गायब! ती सगळ्यांसमोर म्हणाली, "एवढ्याशा पोरीच्या हातात कार्ड दिलं, चूक माझीच. उद्यापासून मुलांनी इथे यायचं नाही."

पिल्लूने आणखी एकदा "मी ठेवलं होतं" म्हणून पाहिलं. कुणी ऐकलं नाही. मग तिने बोलणंच सोडलं. टाचणीने तिला रात्री पांघरूण घातलं तेव्हा उशी ओली लागली, आणि त्याच क्षणी टाचणीने ठरवलं की ज्याने हे केलं त्याला रडवल्याशिवाय राहायचं नाही.

"पिल्लूने कार्ड हरवलं नाही. मग कुणीतरी घेतलं," ती आता म्हणाली. "काल सकाळी कोण कसं वागलं ते आठवा."

"मावशी चिडली," बोका म्हणाला. "कॅमेरावाले काका शोधायला टेबलाखाली शिरले. लाँड्रीवालीचं काम करणारी ताई रडली. हिरोने मात्र डबा पूर्ण संपवला. माझ्यासाठी काही उरलं नाही म्हणून लक्षात आहे."

"आणि त्याने विचारलं नाही," टाचणी सावकाश म्हणाली.

"काय?"

"रोज सकाळी तो मावशीच्या मागे लागतो ना? 'एकच शॉट दाखवा हो, बाजूने कसा दिसतो तेवढंच.' एक दिवस चुकला नाही. काल त्याने विचारलंच नाही."

यातली गंमत अशी की मावशीचा एक कडक नियम होता. सिनेमा पुरा होईपर्यंत कुठल्याही नटाला त्याचं चित्रण दाखवायचं नाही. नट स्वतःला बघायला लागला की समोरच्याशी बोलायचं सोडून आरशाशी बोलतो, असं तिचं म्हणणं. बाकीच्यांना त्याचं काही नव्हतं. पण हिरो एरवी व्यायामशाळेत शिकवायचा, आणि तिथे चारही भिंतींना आरसे होते. स्वतःला न बघता काम करायचं म्हणजे त्याला उपाशी राहिल्यासारखं व्हायचं.

"भूक भागली म्हणून विचारलं नाही," बोका म्हणाला. या विषयात त्याचा हातखंडा होता.

"संशय आहे, पुरावा नाही," वकीलने मान हलवली. "मावशीला सांगितलंस तर ती म्हणेल, बहिणीला वाचवायला भलत्यावर आळ घेतेस."

टाचणी नखं कुरतडत बसली. थोड्या वेळाने तिचे डोळे चमकले. असे चमकले की बोक्याने हातातला पाव खिशात ठेवला.

"शेवटच्या शॉटमध्ये ताईने हिरोला काउंटरवर आपटलं, तेव्हा भिंत हादरली आणि मागचं मोठं घड्याळ तिरकं झालं. आठवतं?"

"नाही. मी बाहेर बघ्यांशी वाद घालत होतो."

"हिरोची घड्याळाकडे पाठ होती. तिथून त्याला सरळ हौदात नेलं. तो बाहेर येईपर्यंत काकांनी घड्याळ पडेल म्हणून उतरवून ठेवलंसुद्धा. तो तसाच ओला घरी गेला. म्हणजे घड्याळ तिरकं झालं हे कॅमेऱ्यामागच्या मावशीला, काकांना, पिल्लूला आणि मला माहीत, आणि कार्डाला."

"ताईचं तोंड घड्याळाकडे होतं. तिने त्याला सांगितलं असेल तर?"

"सिनेमात ती चष्मा लावत नाही. आणि चष्म्याशिवाय तिला हिरोसुद्धा अंदाजानेच धरावा लागतो."

वकीलने तिच्याकडे आदराने बघितलं. असं तो फार कमी जणांकडे बघायचा.

तिकडे हिरोने मावशीला सांगितलं होतं की पुन्हा चित्रण करायला त्याला सवड नाही. शेवट बदला, हिरो निर्दोष निघू दे, मुलीला त्याची माफी मागू दे, एका शॉटमध्ये काम होईल. मावशीचा जीव तीळ तीळ तुटत होता, पण इलाज दिसेना. ती अगदी हो म्हणायच्या बेतात होती.

त्या संध्याकाळी वकील केस कापायला गेला. शेजारच्या खुर्चीत हिरो बसला होता, अर्थात योगायोगाने नव्हे. वकील न्हाव्याला मोठ्याने म्हणाला, "बोक्याच्या काकांना पण उद्या मस्त कापून द्या. शेवटच्या प्रसंगात हिरोऐवजी तेच उभे राहणार. पाठीमागूनच दिसायचंय. पाठ काय, कुणाचीही चालते."

"कुणाची पाठ?" हिरो साबणाच्या फेसातून ओरडला. "त्या पाववाल्याची?"

दुसऱ्या दिवशी सकाळी हिरोची सवड झाली होती. मावशीच्या डोक्यावरचं ओझं उतरलं, पण एक अडचण राहिली. कुठली बाही किती दुमडली होती आणि ताईची कुठली बट सुटली होती, हे टाचणीशिवाय कुणाला ठाऊक? मावशी स्वतः घरी आली.

"येते," टाचणी म्हणाली. "पण पाटी पिल्लूच वाजवणार."

मावशीने पिल्लूकडे बघितलं. पिल्लूने तिच्याकडे बघितलं नाही. "बरं," मावशी खालच्या आवाजात म्हणाली.

लाँड्रीत सगळं जसंच्या तसं लावलं गेलं. बंद पडलेल्या इस्त्र्या ओळीने मांडल्या, वरच्या दांडीला चादरी टांगल्या, हौद काठोकाठ भरला. घड्याळ टाचणीने स्वतः टांगलं, आणि वर दोन खिळे असे ठोकले की भूकंप झाला तरी ते हललं नसतं.

पिल्लूने न बोलता पाटी वाजवली. ताईने हिरोला काउंटरवर आपटलं, चादरींमधून फरफटवलं आणि हौदात बुचकळलं. घड्याळ जागचं हललं नाही. मावशीने भुवई वर केली. काहीतरी बोलणार, तेवढ्यात टाचणीने तिचा हात दाबला.

"पुन्हा," टाचणी म्हणाली. "कॉलरचं बटण लागलेलं होतं. त्या दिवशी उघडं होतं."

सिनेमासाठी पांढरे शर्ट ढिगाने शिवून घेतले होते. हिरोला पुसलं, कोरडा शर्ट चढवला, केस वाळवले आणि पुन्हा बुचकळलं.

"पुन्हा. पडताना डावा पाय आधी होता."

"पुन्हा. ओरडलात तेव्हा तोंड एवढं उघडं नव्हतं."

"पुन्हा."

खरं सांगायचं तर यातले निम्मे दोष टाचणीने तिथल्या तिथे शोधून काढले होते. नाकातोंडात पाणी जाऊन हिरो खोकला की तिला ओली उशी आठवायची, आणि पुढचं "पुन्हा" आणखी गोड आवाजात यायचं. ताई शहरातल्या तलावावर पोहायला शिकवायची, त्यामुळे माणसं पाण्यात बुचकळायची तिला सवय होती. ती अजिबात दमली नव्हती.

पण हिरो घड्याळाबद्दल काही बोलेना. बोक्याने घाबरून विचारलं, "नाहीच बोलला तर?"

"तर निदान ओला तरी होईल," टाचणी म्हणाली.

"पुरे आता," मावशी कुजबुजली. "हे शेवटचं."

टाचणी हौदाच्या काठाशी गेली. "पुन्हा घ्यावं लागेल. बाही एका घडीने जास्त दुमडलीय. माझं लक्ष असतं म्हणून बरं."

हिरोचा बांध फुटला. "बाही बघतेस? आणि ते घड्याळ? ते तिरकं व्हायला हवं, दिसत नाही तुला? मला आपटल्यावर ते माझ्या उजव्या खांद्यामागे कलतं, आणि नेमका तेव्हाच मी वर बघतो! त्या सबंध प्रसंगात तेवढाच एक चेहरा माणसासारखा आलाय माझा!"

त्याच्या शर्टातून पाणी टपटपत होतं.

वकील पुढे झाला. या घटकेसाठीच तो जन्मला होता. "एक छोटासा प्रश्न. तुमची पाठ होती, मग घड्याळ कललेलं तुम्हाला कसं दिसलं?"

"मला... कुणीतरी सांगितलं."

"तुमचा चेहरा कसा दिसत होता, हेही सांगितलं?"

हिरोने तोंड उघडलं, आणि त्यातून थोडं पाणी तेवढं बाहेर आलं.

मावशी सावकाश उठली. "मी तुला काहीच दाखवलं नव्हतं," ती म्हणाली. "कार्ड कुठे आहे?"

कार्ड निघालं त्याच्या पिशवीतून, कंगव्याच्या म्यानातून. त्या रात्री गुपचूप परत येऊन त्याने ते उचललं होतं; स्वतःला एकदाच बघून परत ठेवायचं होतं, असं त्याचं म्हणणं. पण पडद्यावर तो ओल्या चादरीसारखा फरफटत जाताना दिसला आणि त्याचा धीर सुटला. व्यायामशाळेतली पोरं काय म्हणतील! कार्ड नसलं तर शेवट बदलेल, असं त्याला वाटलं.

"आणि पिल्लूवर आळ आला तेव्हा?" टाचणीने विचारलं. "तुम्ही समोर बसून जेवत होतात."

"लहान आहे, विसरून जाईल वाटलं," तो पुटपुटला.

मावशीने त्याच्याकडे पाठ फिरवली. ती पिल्लूपुढे गुडघ्यांवर बसली. "तू ठेवलं होतंस. दोनदा सांगितलंस आणि मी ऐकलं नाही. माझं चुकलं, पिल्ला." मग ती बाकीच्यांकडे वळली. "आणि तुम्ही! पोलिसांना जमलं नसतं ते तुम्ही केलंत. टाचणी, तुझ्यासारखी नजर माझ्या कॅमेऱ्यालाही नाही."

"मी केव्हाचं म्हणत होतो," कॅमेरावाले काका म्हणाले. ते असं काही म्हणाले नव्हते, पण आनंदाच्या भरात सगळं चालतं.

"आता याचं काय करायचं, ते पिल्लू ठरवेल," मावशी म्हणाली.

सगळे पिल्लूकडे बघू लागले. हिरोने हात जोडले. पिल्लू मनाची मऊ, मेलेल्या मुंगीसाठीही रडणारी. ती त्याला सोडून देणार, या भीतीने टाचणीने डोळे मिटून घेतले.

पिल्लूने पाटी उचलली.

"पुन्हा," ती म्हणाली.

इतक्या वेळानंतरचा तिचा पहिला शब्द! टाचणीला हसू आणि रडू एकदमच आलं. ताईने बाह्या सरसावल्या.

सिनेमा वेळेवर गेला. महोत्सवात तो लागला तेव्हा चौघं पहिल्या रांगेत बसली होती. शेवट अर्थातच कार्डातला, घड्याळ कलण्यासकट, जसाच्या तसा होता. नावं संपली, लोक उठायला लागले, आणि तेवढ्यात पडद्यावर हिरो आणखी एकदा हौदात पडला. सगळं थिएटर खो खो हसलं. मागच्या रांगेत व्यायामशाळेतली पोरं शिट्ट्या मारत होती.

"टाचणे," पिल्लू तिच्या कानाशी लागून म्हणाली, "यात घड्याळ सरळ आहे. चूक राहिली की तुझी."

"राहू दे," टाचणी म्हणाली.